चेहरा कोणाचा, चित्र कोणाचें?

नभोवाणीवरून बोलणाऱ्याला एक सोय असते. त्याचा आवाज तेवढा घरोघर जातो. चेहरा जेथल्या तेथें राहतो. मी कसा दिसतों, कोणता सदरा घालून बसलों आहें, हें आपणांस कळत नाहीं व कळण्याची जरुरीहि नाहीं. चित्राची गोष्ट निराळी आहे. चेहरा एकदां कागदावर किंवा पडद्यावर उमटला म्हणजे तो आपल्या धन्याला मागें टाकून एकटाच प्रवासास निघतो, आणि कोठें जाऊन कोणाच्या बाजूनें साक्ष देईल याचा नेम राहत नाहीं. माणसाचें चित्र त्याला न विचारतां वापरणें आणि या वापराचा इतिहास, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आरंभीं एक अलीकडील हकीकत सांगतों. २०२५ च्या मार्च महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयापुढें ग्रामीण भागांतील एका स्त्रीचा अर्ज सुनावणीस आला. न्यायमूर्ति गिरीश कुलकर्णी व न्यायमूर्ति अद्वैत सेठना यांच्या पीठापुढें तो चालला. तिची तक्रार अशी कीं, ओळखीच्या एका छायाचित्रकारानें तिचें चित्र काढलें आणि तिची संमति न घेतां तें ‘शटरस्टॉक’ या अमेरिकन कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवलें. ही कंपनी म्हणजे चित्रांची एक मोठी वखार आहे. ज्याला जसें चित्र हवें असेल तसें त्यानें तेथें शोधावें, दाम मोजावा आणि घेऊन जावें. अशा रीतीनें तिचा चेहरा सरकारी योजनांच्या व एका राजकीय पक्षाच्या जाहिरातींवर झळकला, असें तिचें म्हणणें. न्यायालयानें केंद्र सरकारला आणि महाराष्ट्र, तेलंगणा, कर्नाटक व ओडिशा या चार राज्यांच्या सरकारांना उत्तर देण्यास सांगितलें, आणि समाजमाध्यमांच्या या काळांत हा प्रश्न गंभीर असल्याचें नमूद केलें.

कायद्याचा निर्णय करणें हें न्यायालयाचें काम. तें माझें नव्हे. मला या हकीकतींतील एकच गोष्ट विचारांत पाडते. त्या स्त्रीला कोणी शिवी दिली नव्हती. तिच्यावर कसला आळ घेतला नव्हता. उलट, चांगल्या म्हणविल्या जाणाऱ्या योजनांच्या शेजारीं तिला उभी केली होती. मग तिचें बिघडलें तरी काय? तिनें न्यायालयाची पायरी कां चढावी? या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर दीड-पावणेदोनशें वर्षें मागें जावें लागतें. कारण ही तक्रार मोबाइलबरोबर जन्मलेली नाहीं. ती कॅमेऱ्याच्या पाठोपाठच जगांत आली.

प्रकाशाच्या साहाय्यानें चित्र उमटविण्याची डागेर यांची कृति पॅरिस येथें १९ ऑगस्ट १८३९ रोजीं जाहीर झाली. आपल्याकडे ही विद्या लौकरच पोंचली. १८५४ सालीं मुंबईस छायाचित्रकारांची एक सोसायटी स्थापन झाली. सुप्रसिद्ध पंडित डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या संस्थेच्या कारभारी मंडळांत होते. म्हणजे कॅमेरा हें केवळ साहेबाचें खेळणें नव्हतें. आमच्या शिकलेल्या लोकांनीं तें आरंभापासून हातीं धरलें होतें.

त्या काळच्या यंत्राचा एक गुण आज कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तें फार मंद होतें. चित्र उतरावयाचें तर समोरच्या माणसाला निश्चल बसावें लागे. कांहीं ठिकाणीं मान हलूं नये म्हणून मागें लोखंडी टेकू लावीत. चोरून चित्र काढणें जवळजवळ अशक्यच होतें. तेव्हां खुर्चीवर येऊन बसणें हीच संमति समजली जाई. घरंदाज स्त्रियांच्या बाबतींत तर फारच जपून पावलें टाकावीं लागत. राजा दीनदयाळ यांनीं १८९२ सालीं हैदराबादेस केवळ स्त्रियांसाठीं एक निराळी चित्रशाळा उघडली व ती एका इंग्रज बाईच्या हातीं सोंपविली. पडदानशीन स्त्रियांचें चित्र निघावें, परंतु त्यांचा संकोच मोडूं नये, अशी ती योजना होती. गिऱ्हाइकाचा मान राखला तरच धंदा चालतो, हें त्या चतुर कारागिराला पुरतें ठाऊक होतें.

परंतु पैसे मोजून येणाऱ्या गिऱ्हाइकाला जो मान मिळाला, तो गरिबाला मिळाला नाहीं. १८५७ च्या उठावानंतर या देशांतील नाना जातिजमातींची ओळख करून घेणें राज्यकर्त्यांना निकडीचें वाटूं लागलें. लॉर्ड कॅनिंग व त्यांच्या पत्नी यांनीं हौसेखातर चित्रें जमविण्यास आरंभ केला होता. त्या हौसेला लौकरच सरकारी कामाचें रूप आलें. १८६८ ते १८७५ या काळांत ‘दि पीपल ऑफ इंडिया’ नांवाचा आठ खंडांचा ग्रंथ लंडनमध्यें निघाला. त्यांत चारशेंहून अधिक छायाचित्रें आहेत. चित्र एका माणसाचें, आणि बाजूचा मजकूर सबंध जमातीबद्दल: ही जात उद्योगी, ती आळशी, ही राजनिष्ठ, ती भरंवशाची नव्हे. चित्रांतील मनुष्य कोणाचा मुलगा, कोणाचा बाप, त्याला गाणें येत होतें कीं शेती, हें बहुतेक ठिकाणीं कोणी विचारलेंच नाहीं. तो मनुष्य राहिला नाहीं, नमुना झाला.

या ग्रंथाची झळ एका तरुणाला कशी लागली याची नोंद इतिहासांत आहे. सर सय्यद अहमद खान १८६९ सालीं आपल्या मुलांसह विलायतेस गेले होते. तेथील इंडिया ऑफिसांत हा ग्रंथ पाहावयास ठेवलेला होता. त्यांचा मुलगा सय्यद महमूद तो चाळीत असतां एका इंग्रज तरुणानें त्याला विचारलें, आपण हिंदुस्थानीच ना? महमूदनें होय म्हटलें, पण त्याचा चेहरा लाल झाला, आणि आपण त्या चित्रांतल्या मूळच्या लोकांपैकीं नव्हे, आपले पूर्वज दुसऱ्या देशांतून आलेले, असा खुलासा त्यानें घाईघाईनें केला. हा प्रसंग सर सय्यद यांनीं लंडनहून धाडलेल्या पत्रांत मोठ्या खेदानें लिहिला आहे. ज्याचें चित्र त्या पुस्तकांत नव्हतें त्यालाहि जर लाज वाटली, तर ज्यांचीं होतीं त्यांचें काय? त्यांना तर आपण लंडनच्या एका टेबलावर उघडे पडलों आहोंत याची वार्ताहि नव्हती.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. १९१६ सालीं, आपला भंडारा जिल्हा मध्यप्रांताच्या नागपूर विभागांत असतां, रसेल साहेब व रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. हा ग्रंथ मोठ्या परिश्रमाचा आहे. त्याची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. वैनगंगेच्या खोऱ्यांतील आमच्या कोहळी लोकांची व त्यांनीं बांधलेल्या तलावांची माहिती शोधणाऱ्याला आजहि त्याचीं पानें उलटावीं लागतात. त्यांत छायाचित्रेंहि आहेत. त्यांखालचीं शीर्षकें पाहावीं. बांबूच्या गाड्या घेऊन बाजारीं आलेले गोंड. प्रवासास निघालेले गोंड. आणि एक चित्र असें कीं, त्यांत गोंड स्त्रिया पायांच्या मागच्या बाजूचें गोंदण दाखवीत उभ्या आहेत.

या शेवटल्या चित्राशीं मी नेहमीं थबकतों. ज्या स्त्रिया कॅमेऱ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, त्यांना काय सांगितलें असेल? हें चित्र पुस्तकांत छापावयाचें आहे, तें पुस्तक सातासमुद्रांपलीकडे विकलें जाणार आहे, शंभर वर्षांनींहि परके लोक तें पाहतील, असें कोणी समजावून दिलें असेल काय? साहेबाचा हुकूम, पाटलाची हांक आणि समोर तिपाईवर मांडलेलें यंत्र. अशा वेळीं ‘नाहीं’ म्हणण्याची सोय एखाद्या खेडुत बाईला कितपत असते? गप्प राहणें म्हणजे संमति नव्हे. ज्याला नकार देण्याची मोकळीक नाहीं, त्याच्या होकाराला काय किंमत?

याच्या जोडीला त्याच युगांतील दुसरें एक चित्र ठेवतों. १० ऑक्टोबर १८८५ रोजीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें, स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत तें काढलें. त्यांत तीन विद्यार्थिनी आहेत: साडी नेसलेल्या आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या वेषांत बसल्या आहेत, आणि चित्राखालीं प्रत्येकीचें नांव व गांव लिहिलेलें आहे. हेंहि ‘परदेशी स्त्रियांचें’ चित्र. परंतु येथें कोणी नमुना नाहीं. आनंदीबाई तेथें आनंदीबाई म्हणूनच बसल्या आहेत. दोन्ही चित्रें कॅमेऱ्यानेंच काढलीं. फरक यंत्राचा नाहीं. नांवाचा आणि मर्जीचा आहे.

आतांपर्यंत कॅमेरा मंद होता, म्हणून निदान माणसाला समोर उभें करावें लागत होतें. तो मंदपणा १८८८ सालीं गेला. त्या वर्षीं अमेरिकेंतील रॉचेस्टर नगराच्या जॉर्ज ईस्टमन यांनीं ‘कोडॅक’ नांवाची हातांत मावणारी पेटी बाजारांत आणली. तिची किंमत २५ डॉलर होती व तींत शंभर चित्रांची गुंडाळी असे. चित्रें संपलीं कीं पेटी कारखान्याकडे धाडून द्यावी. धुण्याछापण्याचा उपद्व्याप कारखाना करी. आतां कोणीहि, कोठेंहि, कोणाचेंहि चित्र टिपूं शकत होता. दोनच वर्षांनीं, १८९० च्या डिसेंबरांत, सॅम्युअल वॉरन व लुई ब्रँडाइस या दोन वकिलांनीं हार्वर्डच्या कायदेविषयक पत्रांत एक निबंध लिहिला. झटपट चित्रें आणि वृत्तपत्रें हीं माणसाच्या खासगी जीवनांत शिरलीं आहेत, तेव्हां कायद्यानें माणसाचा एकांत राखला पाहिजे, असें त्यांनीं प्रतिपादन केलें.

निबंध झाला, पण न्यायालय काय म्हणतें? याचें उत्तर त्याच रॉचेस्टर नगरांत उद्भवलेल्या एका खटल्यानें दिलें. ‘फ्रँकलिन मिल्स’ नांवाच्या पिठाच्या गिरणीनें एका अल्पवयीन मुलीचें चित्र तिला न विचारतां आपल्या जाहिरातीवर छापलें. अशा सुमारें २५,००० प्रती निघाल्या, आणि दुकानांतून, गोदामांतून, दारूच्या गुत्त्यांतूनहि लागल्या. ओळखीचे लोक मुलीची थट्टा करूं लागले. तिनें अंथरूण धरलें. तिनें १५,००० डॉलरांची भरपाई मागितली. १९०२ सालीं न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील कोर्टानें चार विरुद्ध तीन मतांनीं तिचा दावा फेटाळला. मुख्य न्यायाधीश आल्टन पार्कर यांनीं निकालपत्रांत म्हटलें त्याचा सारांश असा: चित्र सुरेख आहे, त्यांत बदनामी नाहीं, आणि एकांताचा असा स्वतंत्र हक्क कायद्यास ठाऊक नाहीं.

या निकालानें लोकमत खवळलें. पुढल्याच वर्षीं, १९०३ सालीं, न्यूयॉर्कच्या विधिमंडळानें कायदा केला: कोणाहि व्यक्तीचें नांव किंवा चित्र तिच्या लेखी संमतीवांचून जाहिरातीसाठीं वा व्यापारासाठीं वापरणें हा गुन्हा होय. आणि पुढें गंमत अशी झाली कीं, १९०४ सालीं तेच पार्कर राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीस उभे राहिले. छायाचित्रकार दारापाशीं ठाण मांडून बसूं लागले, तेव्हां त्यांनीं कुरकुर केली कीं, माणसाला आपल्या घरीं मोकळेपणीं वावरण्याचीहि सोय उरली नाहीं. त्यावर त्या मुलीनें वर्तमानपत्रांतून त्यांना जाहीर पत्र लिहून त्यांच्याच निकालाची आठवण करून दिली! दुसऱ्याचा चेहरा टांगला जातो तेव्हां तें चित्र सुरेख असतें; आपल्यावर पाळी आली म्हणजे तोच छळ वाटतो.

१९०५ सालीं जॉर्जिया संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयानें उलट निकाल दिला. ॲटलांटा येथील एका चित्रकाराचा फोटो विम्याच्या जाहिरातींत छापला होता. शेजारीं एका फाटक्या, आजारी माणसाचा फोटो. आणि चित्रकाराच्या तोंडीं असें वाक्य घातलेलें कीं, आपण विमा उतरला म्हणून आज सुखांत आहों. वास्तविक त्यानें त्या कंपनीचा विमा कधीं उतरलाच नव्हता. न्यायालयानें सांगितलें कीं, माणसाला आपल्या चेहऱ्यावर हक्क आहे. या खटल्यांत आपल्या मूळ प्रश्नाची किल्ली सांपडते. चित्र घेणारा केवळ रूप घेत नाहीं; तो तोंड घेतो, आणि त्या तोंडून आपल्याला सोईचे शब्द बोलवितो. योजनेच्या फलकावरील स्त्री मुकी असते. पण पाहणाऱ्याला ती सांगत असते, ‘मला लाभ झाला, मी समाधानी आहें, मी यांच्या बाजूची आहें.’ तिनें असें कधींहि म्हटलेलें नसतें.

आपल्या देशांत कायद्याची वाटचाल कशी झाली? पहिली गोष्ट ही कीं, कायद्यानें आधीं चित्र काढणाऱ्याची काळजी घेतली. १९१४ चा लेखनाधिकाराचा कायदा, आणि त्यानंतरचा १९५७ चा, यांत चित्राचा धनी ठरविला आहे. सामान्यतः ज्यानें चित्र काढलें तो धनी; कोणी पैसे देऊन स्वतः सांगून काढविलें असेल तर, उलट करार नसल्यास, तो धनी. हा हक्क आज चित्र काढणाऱ्याच्या हयातीपर्यंत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें टिकतो. ज्याचा चेहरा आहे, परंतु ज्यानें पैसेहि दिले नाहींत व चित्र काढावयासहि सांगितलें नाहीं, अशा माणसाला या हिशेबांत जागाच नाहीं. तो नदीसारखा किंवा झाडासारखा. चित्रांत आहे, पण चित्राचा नाहीं.

ती जागा हळूहळू संविधानानें दिली. १९९४ सालीं राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यांत न्यायमूर्ति जीवन रेड्डी यांच्या निकालपत्रांत सर्वोच्च न्यायालयानें एकांताच्या हक्काची चर्चा केली. आणि एखाद्याचें नांव वा प्रतिमा त्याच्या संमतीवांचून जाहिरातीसाठीं वापरणें हा त्या हक्काचा भंग होय, असें सांगितलें. पुढें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं, निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांच्या अर्जावर, नऊ न्यायाधीशांच्या पीठानें एकमतानें एकांताचा हक्क मूलभूत ठरविला. माहिती तंत्रज्ञानाच्या कायद्यांत २००८ च्या दुरुस्तीनें असें कलम आलें कीं, कोणाच्या शरीराच्या खासगी भागाचें चित्र त्याच्या संमतीवांचून काढणें वा पसरविणें याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा व्हाव्या. ११ ऑगस्ट २०२३ रोजीं व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाच्या कायद्यास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें निघाले, आणि त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्यानें अमलांत येण्याची योजना आहे. संमति ही मोकळेपणीं, समजून, आणि विवक्षित कामापुरती दिलेली असली पाहिजे, हें त्या कायद्याचें एक मुख्य सूत्र. मात्र केवळ घरगुती कारणासाठीं कोणी कांहीं केलें, किंवा माणसानें स्वतःच आपली माहिती चव्हाट्यावर ठेवली, तर हा कायदा लागू होत नाहीं, हेंहि लक्षांत ठेवावें.

इथपर्यंत इतरांचे दोष सांगितले. आतां एक माझा सांगितला पाहिजे. नाहीं तर हें भाषण प्रामाणिक होणार नाहीं.

मी या जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत शाळामास्तर म्हणून आयुष्य काढलें. नोकरीच्या अखेरच्या वर्षांतली गोष्ट. शाळेंत मोफत गणवेशांचें वांटप होतें. सातवींतली एक मुलगी पुढें आली, दोन्ही हात पसरून तिनें कपडे घेतले, आणि मीं खिशांतला मोबाइल काढून तो क्षण टिपला. चित्र चांगलें आलें. कौतुकानें मीं तें गांवच्या मंडळींच्या समूहावर धाडलें. माझ्या मनांत कांहीं वाईट नव्हतें. पंधरवड्यानें पाहतों तों चौकांत एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा भला मोठा फलक लागलेला. त्यावर त्याचा हंसरा चेहरा, खालीं ‘गोरगरिबांचा आधार’ अशीं अक्षरें, आणि कोपऱ्यांत हात पसरलेली माझी विद्यार्थिनी.

दुसऱ्या दिवशीं तिची आजी शाळेंत आली. ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला सोपें गेलें असतें. ती म्हणाली, “गुरुजी, पोरीनं कपडा तुमच्या हातून घेतला जी. तिले चौकात काहून टांगली?” मला उत्तर सुचलें नाहीं. ‘फलक मीं लावला नाहीं’ हें खरें होतें, पण तें उत्तर नव्हतें. ती मुलगी तो गणवेश महिनाभर अंगाला लावीना. मीं समूहावरचें चित्र काढून टाकलें. पण तोंवर तें किती हातांत गेलें होतें हें मला सांगतां येईना. फलक त्या पुढाऱ्याला सांगून उतरविला. नंतर तिच्या घरीं जाऊन आजीपुढें व मुलीपुढें माझी चूक कबूल केली. मुलगी खालीं पाहत बसली होती.

त्या दिवशीं मला कळलें कीं, माझ्यांत आणि शंभर वर्षांपूर्वींच्या त्या साहेबांत मीं समजत होतों तितकें अंतर नाहीं. त्यांनीं ‘गोंड स्त्री’ टिपली, मीं ‘गरजू विद्यार्थिनी’ टिपली. मुलगी माझ्यापुढें उभी राहिली ती आपल्या गुरुजींपुढें म्हणून. तें उभें राहणें मीं सबंध गांवाच्या स्वाधीन करून टाकलें. फोटो काढल्यानें माणसाचें आयुष्य घटतें, अशी समजूत मीं लहानपणीं म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकली होती व शाळेंत तिची थट्टाहि केली होती. समजूत खोटी खरी. परंतु आपल्यातलें कांहीं तरी काढून नेलें जात आहे, ही त्या लोकांची शंका सर्वस्वी खोटी नव्हती.

येथें नेहमीं एक आक्षेप येतो कीं, दर वेळीं विचारीत बसलें तर वृत्तपत्रें कशीं चालतील, इतिहास कसा लिहिला जाईल, सभेची, मोर्चाची, यात्रेची चित्रें कोण काढील? आक्षेप रास्त आहे. ज्याचें काम सार्वजनिक, त्याचें चित्रहि सार्वजनिक. अधिकाऱ्याला आपल्या कारभाराचें चित्र झांकून ठेवण्याचा हक्क नको. त्या जुन्या चित्रांमुळें आज आपल्याला आपल्या पूर्वजांचे वेष व दागिने कळतात, हेंहि मी मान्य करतों. परंतु यात्रेच्या गर्दीचें चित्र निराळें, आणि त्या गर्दींतून एक चेहरा कापून त्याच्याकडून पीठ, विमा किंवा मत विकविणें निराळें. पहिल्यांत मनुष्य प्रसंगाचा भाग असतो. दुसऱ्यांत तो दुसऱ्याचा चाकर होतो, आणि तोहि बिनपगारी.

म्हणून, श्रोतेहो, काढण्याची परवानगी आणि वापरण्याची परवानगी या दोन गोष्टी आहेत. कोणी आपल्यापुढें हंसून उभा राहिला, म्हणजे त्यानें तें हंसूं सगळ्या जगाला दिलें असें होत नाहीं. लग्नांत काढलेलें चित्र लग्नापुरतें असतें. ज्याचें वय लहान, ज्याची गरज मोठी, ज्याला आपल्यापुढें ‘नाहीं’ म्हणण्याची भीड वाटते, त्याच्या बाबतींत तर दोनदां विचारावें. कायदा उशिरानें येतो व खर्चाचा असतो. विचारण्याला कांहीं खर्च येत नाहीं.

त्या वर्षीं शाळेच्या निरोपसमारंभांत ती मुलगी मैत्रिणींसह नटून आली होती. मीं मोबाइल काढला आणि विचारलें, “बेटा, एक फोटो काढूं का? शाळेच्या वहींत चिकटवीन, दुसरीकडे कोठें जाणार नाहीं.” तिनें क्षणभर माझ्याकडे पाहिलें आणि मान हलवून ‘नाहीं’ म्हटलें. मीं मोबाइल खिशांत ठेवला. तिचें तें चित्र माझ्यापाशीं नाहीं. आणि नाहीं तेंच बरें आहे.